पेन्शन नाही, सबब इतिहास नाही

आमच्या आज्याचे लष्करातले कागद सरकारने नष्ट केले. दंगलीत नाही, सूडापोटी नाही, कुणा जातीयवादी साहेबाने दात धरला म्हणून नाही. नियमाप्रमाणे! ज्या शिपायाला पेन्शन नाही त्याचे कागद तो सुटल्यापासून पंचवीस वर्षं सांभाळायचे आणि मग नष्ट करायचे, असा हा नियम. १९८७ च्या आर्मी रेग्युलेशनमध्ये तो पॅरा ५९५ म्हणून छापलाय. रीत त्याहून जुनी. आजा सुटला १९४६ साली. त्यात पंचवीस मिळवा. १९७१. पुढच्याच वर्षी मुंबईत पँथर जन्मली. आपली पोरं इतिहास मागायला रस्त्यावर उतरली तेव्हा त्यांच्या बापजाद्यांच्या इतिहासाची मुदत नुकतीच संपली होती, आणि हे कुणी कुणाला कळवलंसुद्धा नाही.

दोस्तहो, रडगाणं गायला मी हे लिहीत नाही. भांडायला लिहितोय. थोडं सरकारशी आणि थोडं तुमच्याशी. पण भांडण कशाचं ते नीट कळायचं तर आधी हा कागद म्हणजे काय चीज आहे ते सांगायला पाहिजे.

शिपाई भरती झाला की त्याच्या नावाचा एक तक्ता उघडतात. लष्करात त्याला शीट रोल म्हणतात. नाव, बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा, जात, उंची, अंगावरची खूण, भरतीची तारीख. मग पुढे तो कुठं गेला, शिक्षा काय झाली, पदक कुठलं मिळालं, घरी वारस कोण, सुटला का आणि सुटताना चालचलणूक कशी होती. मला सांगा, खेड्यातल्या महाराच्या पोराबद्दल एवढा मजकूर त्या काळात दुसऱ्या कुठल्या दप्तरात होता? गावच्या दप्तरात तो वतनाच्या वाट्यापुरता. शाळेच्या रजिस्टरात असलाच तर दोन इयत्तांपुरता. लष्कराच्या कागदात तो पहिल्यांदा आख्खा माणूस म्हणून उतरला. उंचीसकट! आमच्या आज्याची उंची किती होती हे आज घरात कुणाला ठाऊक नाही. एकच फोटो आहे, त्यात तो खुर्चीवर बसलाय.

दुसरा कागद शिपायाच्या हातात मिळायचा. डिस्चार्जचं पुस्तक. आज्याने ते गावाकडं आल्यावर जमिनीच्या अर्जाला जोडलं. मूळ पुस्तक जोडलं, नक्कल नव्हे. तेव्हा झेरॉक्स कुठली? सुटून आलेल्या सैनिकांना पडीक जमीन मिळते असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. जमीन मिळाली नाही आणि पुस्तकही परत आलं नाही. कचेरी कुठली ते लिहीत नाही. तिथला कारकून केव्हाच मेला असेल, आणि एका कारकुनाच्या नावाने बोटं मोडली की व्यवस्था पाठीमागच्या दाराने सुटून जाते, हे आपण पुष्कळदा पाहिलंय.

आजा गेल्यावर बऱ्याच वर्षांनी आजीला कळलं की दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना महाराष्ट्र सरकार महिन्याला काही मदत देतं. ती बिचारी एस.टी.नं जिल्ह्याला गेली. टेबलामागचा म्हणाला, डिस्चार्जचा कागद आणा. आजी म्हणाली, "कागद तुमच्याकडंच ठिवलाय की सायबा, मी कुठनं आणू?" तो हसला म्हणे. ती पुढं दोनदा गेली, मग गुडघ्यानं दगा दिला. २००४ साली ती वारली. एक छदाम मिळाला नाही.

पण आजीने एक गोष्ट जपली होती, आणि ती कुठल्या नियमाने नष्ट होण्यासारखी नव्हती. आजीला अक्षर येत नव्हतं, पण आज्याचा नंबर पाठ होता. तोही इंग्रजीतून! आजा थोडी घेऊन आला की अंगणात ताठ उभा राहायचा, टाच जुळवायचा आणि नंबर, नाव, गाव असं मोठ्यांदा सांगायचा, कुणी विचारलेलं नसताना. ऐकून ऐकून आजी शिकली. 'सेव्हन'ला 'शेवन' म्हणायची, पण आकडा कधी चुकायची नाही. तो मी शाळेच्या वहीच्या पुठ्ठ्यावर उतरवून ठेवला होता.

माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ साली आला. पुढं मी दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून अर्ज टाकला. उत्तर आलं इंग्रजीत, अडीच ओळींचं. सदर इसम नॉन-पेन्शनर, सबब कागद विहित मुदतीनंतर नष्ट. खाली सही, शिक्का, जावक नंबर. कागद नष्ट झाल्याचं पत्र मात्र एकदम रीतसर!

आमच्याच आळीत लष्करातून हवालदार होऊन सुटलेला एक माणूस राहतो. त्याला ते पत्र दाखवलं तर तो म्हणाला, "अरं, लाँग रोल माग. त्यो न्हाई फाडत." लाँग रोल म्हणजे भरती झालेल्यांची ओळीने लिहिलेली मोठी वही. शीट रोल गेला तरी ही वही राहते. ही गोष्ट पहिल्या पत्रात कुणी लिहिली नव्हती. का लिहील? आपण विचारलं नव्हतं ना! मग दुसरा अर्ज, नंबर घालून, 'लाँग रोल' हा शब्द घालून. तीन महिन्यांनी एक ओळ आली. नंबर. नाव, त्याचं स्पेलिंग धड नाही. गाव. भरती १९४२. सुटका १९४६. कारण: सेवेची आता गरज नाही.

चार वर्षांची ती एक ओळ.

आणि 'गरज नाही' हे शब्द काय आपल्याला नवीन आहेत? कंपनी सरकारला गरज होती तेव्हा मुंबईच्या पलटणीत महार भरून होते. १ जानेवारी १८१८ ला कोरेगावला मेलेल्यांची 'नाक' शेवटाची नावं खांबावर कोरलेली आहेत, ती तुम्ही दरवर्षी हात लावून वाचता. त्या शिपायांना पेन्शन होती. पेन्शनीबरोबर कागद होता, छावणीतली शाळा होती, वाचायला येणारी बायको-पोरं होती. सुभेदार रामजी सकपाळ या शाळेतच मास्तर होते, आणि बाबासाहेबांचा जन्म १८९१ साली महूच्या छावणीत झाला. गोपाळबाबा वलंगकर हे पेन्शनर. दापोलीच्या पेन्शनरांच्या वस्तीतून आपली पहिली कलमं उचलली गेली. आज ज्याला आपण चळवळ म्हणतो तिच्या मुळाशी लष्कराची पेन्शन आहे, हे कबूल करायला लाजायचं कारण नाही. ज्याला महिन्याला सरकारचे चार पैसे येतात त्याला पाटलाच्या दारात भाकरीसाठी उभं राहावं लागत नाही. आणि जो उभा राहत नाही तोच अर्ज लिहितो.

मग काय झालं? १८९२ मध्ये आपली भरती बंद. साहेबाच्या डोक्यात 'लढवय्या जातीं'चं खूळ शिरलं. उत्तरेकडचे लढवय्ये, बाकीचे हमाल. आणि त्या खुळाला इथल्या उच्चवर्णीयांचं सोवळं आयतंच मिळालं. महार सुभेदाराला सलाम कोण करणार? वलंगकरांनी १८९४ मध्ये अर्ज तयार केला. शिवराम जानबा कांबळ्यांनी १९१० मध्ये थेट विलायतेच्या भारतमंत्र्याकडे अर्ज पाठवला. आमच्या बापांनी कोरेगावला मरायचं आणि आम्ही भरतीच्या रांगेतसुद्धा उभं राहायचं नाही, हा कुठला न्याय, असा त्या अर्जांचा एकंदर सूर. दार उघडलं नाही.

उघडलं ते युद्ध आल्यावर. १९१७ साली १११ महार ही पलटण उभी केली. १९२१ मध्ये मोडली. दुसरं युद्ध आलं. १९४१ मध्ये बाबासाहेब डिफेन्स ॲडव्हायझरी कमिटीवर गेले, त्यांनी तगादा लावला, आणि १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. १९४३ साली चांभार रेजिमेंट उभी केली. १९४६ च्या डिसेंबरात मोडली. महार रेजिमेंट टिकली, आजही आहे. पण युद्धापुरते घेतलेले सगळे काही तिच्यात राहिले नाहीत. रेजिमेंट राहिली, माणसं घरी गेली.

आता हिशेब करा. शिपायाला पेन्शन लागू व्हायला पंधरा वर्षांची नोकरी पाहिजे. १९१७ ते १९२१ किती होतात? १९४२ ते १९४६ किती होतात? युद्ध आलं की आत घ्या, युद्ध सरलं की बाहेर काढा. बाहेर काढलं म्हणून पेन्शन नाही, पेन्शन नाही म्हणून कागद नाही, आणि कागद नाही म्हणून आजीला मदत नाही. पुन्हा कुणी प्राध्यापक विचारणार, महारांनी महायुद्धात काय केलं याला पुरावा काय? या नियमात 'महार' हा शब्द कुठेही नाही, बरं का. सगळ्या जातींच्या नॉन-पेन्शनरांना तो सारखाच लागू. आमच्याच तालुक्यातल्या मराठ्यांच्या, धनगरांच्या आज्यांचे कागदही याच नियमाने गेले असतील, आणि त्यांचंही आम्हाला वाईट वाटतं. पण ज्या जातींना पिढ्यान्‌पिढ्या भरती उघडी होती त्यांच्या घरात एक आजा नॉन-पेन्शनर तर दुसरा चुलत आजा पेन्शनर सुभेदार. आमच्यात १८९२ पासून मधला सगळा जिनाच काढून टाकलेला. वरून सारखा दिसणारा नियम खाली येता येता कसा जातीचा होतो, ते असं.

कागद सांभाळणं सरकारला जमत नाही असंही नाही. ज्यांचे सांभाळायचे त्यांचे ते सांभाळतात. इंग्रजी अमदानीतल्या हिंदी सैन्यातल्या अफसरांच्या सेवेच्या फायली लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. विलायतेत तर साध्या सोल्जराचीसुद्धा फाइल सापडते. २०२२ पासून तिथलं संरक्षण खातं जवळजवळ ९७ लाख फायली त्यांच्या नॅशनल आर्काइव्हजकडे द्यायला लागलंय. पंजाबचं बघा. पहिल्या युद्धानंतर तिथल्या सरकारने गाववार रजिस्टरं केली, कुठल्या गावातून कोण गेला. ती लाहोरच्या म्युझियममध्ये शंभर वर्षं पडून होती, सुमारे ३ लाख २० हजार नावं, आणि २०२१ पासून ती लोकांना बघायला खुली व्हायला लागली. आज लंडनला टॅक्सी चालवणाऱ्या पंजाब्याचा पोरगा आपल्या पणजोबाची ओळ वाचू शकतो. वाचू दे, आनंद आहे! पण रजिस्टर पंजाबचंच का झालं? कारण पंजाब 'लढवय्या'. ज्या खुळाने आपल्याला भरतीबाहेर काढलं त्याच खुळाने त्यांचं रजिस्टर लिहिलं. आमच्याकडे पहिल्या युद्धानंतर काही गावांत दगडी पाट्या बसवल्या: या गावातून इतके पुरुष युद्धावर गेले, त्यांपैकी इतके मेले. नुसता आकडा. त्या आकड्यात महारवाड्यातले किती, मांगवाड्यातले किती, पाटी सांगत नाही.

मेलेल्यांचंसुद्धा एक गणित आहे. पहिल्या युद्धात इराकात मेलेल्यांचं स्मारक बसऱ्याला आहे. तिथे गोऱ्या सोल्जरांची नावं कोरली, हिंदी अफसरांची कोरली, आणि साध्या हिंदी शिपायांचा पलटणीवार आकडा टाकला. दुसऱ्या युद्धात थोडी सुधारणा झाली. ब्रह्मदेशात रंगूनजवळ ताउक्यानला जे स्मारक आहे त्यावर २७ हजारांच्या आसपास नावं आहेत, बहुतेक हिंदी सैनिकांची. म्हणजे आजा ब्रह्मदेशात मेला असता आणि त्याचं मढं सापडलं नसतं, तर त्याचं नाव दगडावर लागलं असतं. तो जिवंत परत आला हीच त्याची चूक. १८१८ साली मेलेला सापडतो, १९४६ साली जिवंत परतलेला सापडत नाही!

या पंचवीस वर्षांच्या आकड्याची आणखी एक गंमत सांगतो. १९९३ चा पब्लिक रेकॉर्ड्‌स ॲक्ट आहे, आणि २०२१ साली संरक्षण खात्याने एक धोरण जाहीर केलं: लढायांचे, मोहिमांचे कागद साधारण पंचवीस वर्षांनी खुले करायचे, त्यांची पारख करून नॅशनल आर्काइव्हजकडे सोपवायचे. चांगलं धोरण आहे. फक्त एवढंच की जनरलसाहेबाने कुठे सैन्य हलवलं त्याचा कागद पंचवीस वर्षांनी उघडतो आणि ज्याला हलवलं त्याचा पंचवीस वर्षांनी फाटतो.

आणि याच देशात आमचा कुठला कागद शाबूत राहिला म्हणता? वतनाचा! महारकीचा! कुणाच्या घरात वतनाचा किती वाटा, जमीन कुठली, हे सगळं तहसिलीच्या दप्तरखान्यात लाल कापडात बांधून ठेवलंय. १९५८ च्या कायद्याने वतन गेलं, पण त्याचे कागद कोर्टात आजही निघतात, कारण त्यात जमीन आहे आणि जमिनीवर बिल्डरचा डोळा आहे. म्हणजे माझा आजा गावचा महार होता याला पुरावा आहे. तो शिपाई होता याला आहे एक ओळ. आता सांगा, व्यवस्थेला तो काय म्हणून लक्षात ठेवायचा होता?

इथवर सरकारशी झालं. आता तुमच्याशी.

मी हा शोध सुरू केला तेव्हा आपल्यातल्याच एका शिकलेल्या मित्राने विचारलं, आजा महार रेजिमेंटात होता ना? मी म्हणालो, नाही, कुदळ-फावड्याच्या पलटणीत. रस्ते करायचे, पूल बांधायचे, चिखलातून ट्रक ओढून काढायचे, गोळाबारूद पाठीवर वाहायचं. मित्राचा चेहरा पडला. म्हणाला, "मग राहू दे, लिहू नको तसं." का? का नको लिहू? आपल्याला बंदूकवाला आजा पाहिजे, कुदळवाला नको! पोस्टरवर रुबाबदार दिसायला पाहिजे ना! अरे, पण हे कुणाचं मोजमाप आपण उचललं? बंदूक धरणारा शूर आणि रस्ता खणणारा हमाल, ही वाटणी 'लढवय्या जात' म्हणणाऱ्या साहेबाची आणि श्रमाला विटाळ म्हणणाऱ्या मनूची. ब्रह्मदेशच्या आघाडीवर आसाम-मणिपूरच्या डोंगरातून रस्ता झाला नसता तर बंदूकवाला पोचला कुठून असता? मलेरिया काय बंदूक बघून चावत होता? आजा सांगायचा, पाऊस सुरू झाला की दिवसभर केलेला रस्ता रात्री दरीत जायचा आणि सकाळी पुन्हा तोच खणायचा. हे शौर्य नाही असं ज्याला वाटतं त्याने एकदा जूनमध्ये फावडं धरून बघावं.

आणि यात इतिहासाचीही गोम आहे. बंदुकीच्या पलटणीची युद्ध-डायरी असते, तिचा कुणीतरी कर्नल इतिहास लिहितो, तिची वर्धापनदिनाची परेड होते. कुदळीच्या कंपन्या युद्ध संपताच मोडल्या. त्यांची परेड कोण करणार? म्हणजे सगळ्यात आधी पुसला गेला तो हाच माणूस. आणि त्याला आपणही पुसायला निघालो. तिथे नियमाने, इथे लाजेने. सरकारला जाब विचारायचा असेल तर आधी हा आजा आपल्या ओट्यावर बसवायला पाहिजे.

दर १ जानेवारीला मी कोरेगावला जातो. बाबासाहेब १९२७ साली गेले होते, आपण लाखोंनी जातो, जायलाच पाहिजे. पण परत येताना गाडीत मी पोरांना विचारतो, तुझ्या घरात लष्करात कोण होतं? "होतं कोणतरी, आज्जीला माहीत असंल." मग आजीला विचारलं का? "नाही." दोनशे वर्षांमागची नावं तोंडपाठ, आणि पत्र्याच्या पेटीच्या तळाला असलेलं डिस्चार्जचं पुस्तक वाळवी खाते! दगडाला हार घालणं सोपं आहे रे, दगड उलटा प्रश्न विचारत नाही. आजी विचारते. आजी म्हणते, तवा कुठं गेला हुता?

तिसरं भांडण बाहेरच्यांशी. पण आपल्यातले काही त्याने बिचकतात म्हणून इथेच उरकतो. म्हणतात, तुमचे आजे इंग्रजांच्या बाजूने लढले, तेव्हा देशभक्त तुरुंगात होते. बरं. दुसऱ्या महायुद्धात पंचवीस लाख हिंदी माणसं त्या सैन्यात होती. ती काय सगळी महारवाड्यातून गेली? मराठा पलटणीचे यशवंत घाडगे १९४४ मध्ये आणि नामदेव जाधव १९४५ मध्ये इटलीत लढले, दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला; त्यांचा आपण अभिमान बाळगतो आणि तो योग्यच आहे. त्यांना कुणी भाडोत्री म्हणत नाही. सावरकरांची हिंदुमहासभा त्याच वर्षांत हिंदूंनी सैन्यात शिरावं म्हणून सभा घेत होती, ते 'सैनिकीकरण'. आणि आमचा आजा तेच करायला गेला तर गद्दारी! बाबासाहेबांनी महारांना भरती व्हा म्हणून सांगितलं त्यात लपवण्यासारखं काय आहे? एक तर हिटलर आणि जपान जिंकले तर आपलं काय होईल हे त्यांना दिसत होतं. दुसरं, वर्दी म्हणजे गावाबाहेर पडायची वाट, पगार, बूट, आणि पहिल्यांदा 'तुझं नाव काय?' असं सरळ विचारणारा माणूस. आमचा आजा इंग्लंडच्या राजासाठी गेला नाही. येसकरकी चुकवायला गेला. ज्या गावाने त्याला वेशीच्या आत जोडा घालू दिला नाही त्या गावाने त्याच्याकडे देशभक्तीची पावती मागू नये.

तर आता करायचं काय?

मागणी पहिली. जे शीट रोल गेले ते गेले, पण लाँग रोल आहेत. मोडलेल्या पलटणींचे, कामगार कंपन्यांचे, सगळ्यांचे लाँग रोल संरक्षण खात्याने नॅशनल आर्काइव्हजला द्यावेत आणि लोकांना खुले करावेत, गाव आणि जात या रकान्यांसकट. जात झाकायची नाही. जातीवरून घेतलं, जातीवरून काढलं, तर वाचतानाही जात दिसली पाहिजे. मागणी दुसरी. महायुद्धातल्या नॉन-पेन्शनरांचे जे कागद कुठे कपाटात चुकून उरले असतील त्यांना पॅरा ५९५ लावू नये. मागणी तिसरी. लाँग रोलमधली ओळ हाच पुरावा धरून उरल्यासुरल्या विधवांना मदत द्यावी. त्या आता नव्वदीच्या पुढे आहेत, त्यांना एस.टी.नं बोलावू नये.

पण निवेदन देऊन फोटो काढून घरी जायचं असलं तर नका देऊ. तोवर आपलं काम आपल्याला करायचंय. अर्ज करताना नंबर शोधा. नंबराशिवाय उत्तर येत नाही. पूर्ण नाव लावू नका नुसतं. तेव्हाच्या कागदात आडनाव बहुधा नव्हतं, आज्याचं नाव, त्याच्या बापाचं नाव, जुना तालुका आणि जुना जिल्हा लिहा. १९५६ नंतर आपण जात टाकली, पण १९४२ च्या वहीत तो 'महार' म्हणूनच बसलेला आहे, त्याला त्याच नावाने हाक मारावी लागेल. 'लाँग रोल' हे दोन शब्द अर्जात घालाच. शाळेच्या जनरल रजिस्टरात बापाच्या-चुलत्याच्या नावापुढे पालकाचा धंदा 'लष्कर' असा लिहिलेला सापडतो, तो उतारा घ्या. मनीऑर्डरची पावती टाकू नका. भांडी बघा, सांगतो का ते.

आमच्या वस्तीत गेल्या पावसाळ्यापासून आम्ही पाचजण घरोघर जातोय. अकरा घरं झाली. दोन डिस्चार्जची पुस्तकं निघाली, एक पाण्याने फुगलेलं. एक पदक, फीत नसलेलं, ते नातवाने सायकलच्या किल्लीला अडकवलं होतं. एका आजीने सांगितलं की तिच्या नवऱ्याचे कागद त्याच्याबरोबर चितेत घातले, त्यानेच तसं सांगितलं होतं. आणि एका घरात पितळी तांब्या निघाला, रोजच्या वापरातला, घासून घासून पातळ झालेला. लग्नाच्या भांड्यावर नाव घालतात तसा त्यावर नंबर घातला होता, नाव नव्हतं, नुसता नंबर. घरात कुणाला त्याचा अर्थ ठाऊक नव्हता. त्याचा अर्ज परवा टाकला. उरलेली तेवीस घरं येत्या दोन रविवारांत.